वाचक विचारतात : लेन्सला लागलेला बुरा

वडिलांचा झेनिट कॅमेरा सात-आठ वर्षं आलमारीत पडून होता. त्याच्या हेलिओस 44-2 लेन्समध्ये आत जाळं दिसतं. नागपूरला न पाठवता घरीच साफ होईल का? — वाचक, कुरखेडा (जि. गडचिरोली)

होईल, पण आधी ती बुरशीच आहे का ते बघा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं पात्यांचं छिद्र, पूर्ण उघडा आणि अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. पऱ्हाटी उपटल्यावर मुळाला जशा तंतुमुळ्या दिसतात, तसे फाटे फुटलेले असतील तर बुरशी. सगळीकडे सारखंच दुधाळ धुकं असेल तर ती वंगणाची वाफ. आपल्या उन्हाळ्यात ग्रीस पातळ होतं आणि त्यातलं तेल काचेवर जाऊन बसतं. कडेकडून इंद्रधनुषी पट्टा आत सरकलेला दिसला तर दोन काचांमधला गोंद सुटलाय. हेलिओसमध्ये 6 काचा आहेत आणि त्यातल्या 4 जोडीजोडीने चिकटवलेल्या. जाळं त्या सांध्यात असेल तर कुठलंच द्रावण तिथे पोचत नाही, मग लेन्स उघडून उपयोग नाही. आणि कडेला तुरीच्या डाळीएवढा डाग असेल तर फोटोत तो दिसतही नाही. तो तसाच राहू द्या, फक्त लेन्स कोरड्या जागी हलवा.

उघडायचीच असेल तर समोरची नाव लिहिलेली रिंग रबराने फिरवा. त्या मापाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याच्या तोंडावर सायकलची ट्यूब ताणून बसवली की काम होतं. आतल्या दोन खाचांच्या रिंगांना लेन्स स्पॅनरच, म्हणजे दोन टोकं खाचांत बसणारा पाना, हवा. कंपासपेटीतला डिव्हायडर किंवा पेचकस घसरतो आणि काचेवर कायमचा ओरखडा पाडतो. बुरशीपेक्षा जास्त लेन्स अशाच वाया जातात. रिंग हलत नसेल तर काडीच्या टोकाने आट्यांवर अ‍ॅसिटोनचा एक थेंब सोडा आणि पाव तास थांबा. थेंब काळ्या रंगावर किंवा प्लास्टिकवर पडू देऊ नका.

काच काढली की तिची फुगीर बाजू कुठे होती, याचा लगेच मोबाइलवर फोटो घ्या. एक काच उलटी बसली तरी फोकस कितीही फिरवा, चित्र धूसरच येतं.

मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं. बाटलीवर 20 व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. त्यातलं 10 मि.ली. घ्या आणि तेवढंच इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी मिसळा, म्हणजे 3 टक्क्यांचं द्रावण झालं. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा. तोंडाने फुंकर मारली तर थुंकी उडते. मग द्रावणात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा 5 मिनिटं काचेवर ठेवा आणि मधून कडेकडे, दाब न देता, गोल पुसत जा. प्रत्येक वेळी नवा बोळा. खांद्यावरचा दुपट्टा कितीही मऊ वाटला तरी नको, त्यात धुळीचे कण असतात. चिकटवलेली जोडी द्रावणात बुडवून ठेवू नका, कडेचा गोंद आणि काळा रंग जातो. शेवटी डिस्टिल्ड पाण्याचा एक हात आणि 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात. सॅनिटायझर चालत नाही, त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो.

एवढ्याने गेलं नाही तर त्याच द्रावणात तितकाच, साधारण 5 टक्क्यांचा पातळ अमोनिया मिसळा. हे अंगणात करा, चष्मा आणि हातमोजे घालून. लागेल तेवढंच बनवा. उरलं तर झाकणबंद बाटलीत ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी जवळपाससुद्धा नको.

पुसल्यावर काच ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. बुरशीच्या आम्लाने कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ लेप, खाल्लं असेल तिथे जांभळी-पिवळी झाक नसते, जाळ्याचा ठसा तेवढा उरतो. तो जात नाही. टूथपेस्टने घासायचं मनातही आणू नका, राहिलेलं कोटिंगही निघून जाईल. असा ठसा असलेली लेन्स फोटो चांगलेच काढते, फक्त सूर्य समोर आला की चित्र फिकट पडतं.

पावसाळ्यात समजू शकतो, पण आमच्याकडे मे महिन्यातही बुरशी वाढली. पारा 44-45 वर असताना असं कसं? — वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

कॅमेरा कूलरच्या खोलीत असतो का? बाहेरची हवा कोरडीठाक असली तरी कूलर खोलीत पाण्याचीच हवा भरतो. खिडक्या लावून घेतल्या की ओलावा रात्रभर आत कोंडतो. सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला पुरे, आणि खायला काचेवरच्या बोटांच्या तेलाचा ठसाही चालतो. वर चामड्याचं कव्हर ओलावा धरून ठेवतं. कॅमेरा कूलर नसलेल्या खोलीत हलवा आणि कव्हर वेगळं ठेवा.

आम्ही लेन्स तांदळाच्या डब्यात, सोबत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवतो. बरोबर आहे ना? — वाचक, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)

दोन्ही चूक. साठवणीच्या तांदळात स्वतःचंच 12 ते 14 टक्के पाणी असतं, तो डब्यातली हवा काय सुकवणार? शिवाय त्याचं पीठ फोकसच्या आट्यांत शिरतं. डांबराच्या गोळ्यांची वाफ काचेवर जाऊन बसते.

10 लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. 100 ग्रॅम सिलिका जेल सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून आत ठेवा, बाजूला छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 च्या मध्ये हवा. केशरी जेल हिरवं पडलं की जुन्या कढईत मंद आचेवर हलवत परत केशरी करा, गार होऊ द्या आणि मगच डब्यात टाका. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो. कढई कुठल्याही जेलची असो, ती पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही.

लेन्स उन्हात ठेवली तर बुरशी मरते का? — वाचक, कळमेश्वर (जि. नागपूर)

थोडीफार मरते, पण जाळं आणि डाग तिथेच राहतात. बुरशी मारणारे बरेचसे किरण पुढची काचच अडवते. त्यात आपल्याकडच्या उन्हात ग्रीस वितळून अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. आणि झाकण नसलेली लेन्स छतावर, तणसाच्या ढिगाजवळ ठेवून खाली जेवायला जाऊ नका. भिंगाने कागद पेटतो तसं तणस पेटतं.