‘ताई म्हणते, असं काही झालंच नव्हतं’

आई-वडील गेले किंवा घराच्या वाटण्या निघाल्या, की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक गाऱ्हाणं हमखास येतं. “मॅडम, आम्ही सख्खी भावंडं, एकाच घरात वाढलो. आणि ती म्हणते, असं काही झालंच नव्हतं! मग माझ्या डोक्यात आहे ते काय?” सांगणाऱ्याच्या आवाजात राग असतो, पण खाली भीती असते. ज्या आठवणीच्या जोरावर ‘मी असा का’ याचं उत्तर आजवर दिलं, तीच कोणी खोडून काढली, तर राहिलं काय?

श्रीकांतचं सांगते. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला त्याची परवानगी आहे.) पन्नाशीकडे झुकलेला, इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढलेला, एका मोठ्या दुकानात हिशेब बघणारा. वडील मिल कामगार. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१-९२च्या सुमारास बंद पडली, तेव्हा हा चौदा वर्षांचा होता. थकलेली देणी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. सुमारे ४८०० कामगार, २२४ कोटी रुपये. तोवर कितीतरी जण गेलेले होते, श्रीकांतचे बाबाही. वारसाच्या कागदांसाठी उज्जैनहून ताई आली आणि जेवताना विषय निघाला.

“मिल बंद झाली आणि बाबा खाटेवर पडले ते उठलेच नाहीत,” श्रीकांत म्हणाला. ताईने घास खाली ठेवला. “बाबा खाटेवर? काहीही काय बोलतोस!”

माझ्याकडे तो निवाडा मागायला आला होता. कोण खरं बोलतंय ते मी सांगावं. मी ते कधीच करत नाही. मी विचारलं, “बाबा खाटेवर होते, याचा तुमच्याशी काय संबंध?”

“म्हणजे काय मॅडम! हरलेल्या माणसाचा मुलगा आहे मी. मालक मॅनेजर करत होते, नाही म्हटलं. आपल्या रक्तातच नाही ते.”

इथे माझा कल सांगून टाकते. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन या दोघांनी रुजवलेल्या कथनाधारित उपचाराच्या वाटेने मी जाते. माणूस आपल्या आयुष्याची एक गोष्ट सांगत राहतो, आणि त्या गोष्टीत न बसणारे प्रसंग हळूहळू गळून पडतात. ते खोटे नसतात, फक्त त्यांना कोणी बोलावत नाही. दहा ते तीसच्या दरम्यानच्या वयातल्या आठवणी पुढे जास्त वर येतात, हे तर संशोधकांना वारंवार दिसलं आहे. चौदाव्या वर्षी घेतलेला निष्कर्ष सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘रक्त’ होऊन बसतो तो असा.

आणि आठवणीची खात्री म्हणजे आठवणीचा पुरावा नव्हे. जानेवारी १९८६मध्ये चॅलेंजर हे अमेरिकी अवकाशयान कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कुठे, कशी कळली. काही वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. अनेकांनी भलतंच सांगितलं, तेही छातीठोकपणे. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण परत आली नाही. श्रीकांतला मी हे सांगितलं. त्याला आवडलं नाही, ते चेहऱ्यावर दिसलं.

पुढच्या काही भेटी फी, किराण्याची उधारी आणि मामाने केलेली मदत यांत गेल्या. मग एकदा मी विचारलं, “बाबा खाटेवर. कुठल्या महिन्यात?”

“सगळ्याच.”

“उन्हाळ्यात?”

“हो.”

“श्रावण-भाद्रपदात?”

तो बोलायला लागला आणि थांबला. बराच वेळ. मग म्हणाला, “भाद्रपदात नाही. तेव्हा शेडमध्ये असायचे. झांकीच्या.”

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी: अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे मिल कामगारांच्या झांक्या निघतात. हलते देखावे, हजारो दिवे, रात्रभर रस्त्यावर माणसं. मिल बंद पडल्या तरी कामगारांनी वर्गणी काढून ही परंपरा चालू ठेवली.

“बाबा दातांनी वायर सोलायचे,” श्रीकांत म्हणाला. “आई ओरडायची, दात पडतील म्हणून. मी बल्ब होल्डरमध्ये लावून बघायचो. उडालेले एका डब्यात, चांगले दुसऱ्यात. बाबा दहा-बारा जणांना कामं वाटून द्यायचे. पगार नव्हता, तरी.” मग एकदम, “म्हणजे मी इतकी वर्षं खोटं धरून बसलो?”

नाही. खाटही खरी होती आणि शेडही. उधारीसाठी वाण्याकडे ज्या मुलाला पाठवायचे, त्याला खाट लक्षात राहणार. बाबांचा जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये जाणाऱ्या ताईला शेड. पुढे ताईशी बोलल्यावर या जेवणाच्या डब्याचं कळलं. मी ‘झांकी’ हा शब्द आधी उच्चारला नव्हता, याचं मला समाधान आहे. उच्चारला असता तर ती आठवण निम्मी माझी झाली असती. म्हणूनच संमोहनाने दडलेल्या आठवणी उकरून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा असं मी सांगते. सुचवलेलं आणि घडलेलं यांतला फरक मग खुद्द त्या माणसालाही कळत नाही.

तुमच्या घरी असा वाद असेल तर ‘कोण बरोबर’ सोडून द्या. तू तेव्हा कितवीत होतास, कुठे झोपायचास, घरातलं कुठलं काम तुझ्याकडे होतं, हे विचारा. उत्तरं एकमेकांना सांगण्याआधी वेगवेगळी लिहून काढा. आणि एक गोष्ट बजावून सांगते: कोणी मारहाणीचं किंवा अत्याचाराचं सांगत असेल, तर ‘आठवणी काय, बदलतात’ म्हणून त्याला गप्प करू नका. तपशील सरकतात, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

श्रीकांत मॅनेजर झाला का, हे सगळे विचारतात. झाला नाही, ती जागा केव्हाच भरली. पण नव्या शाखेचं काम अंगावर घेतलंय आणि सध्या त्याची झोप उडालीये. मध्यंतरी त्याच्या मुलीने आत्याला फोन करून विचारलं, आजोबांच्या झांकीत त्या वर्षी देखावा कुठला होता? आत्या म्हणते कालियामर्दन, श्रीकांत म्हणतो गोवर्धन. दोघंही हट्टाला पेटलेत, आणि या वेळी निवाडा मागायला माझ्याकडे कोणी आलेलं नाही.