अर्ज पोराचा, मग मेल आईचा कशाला?

या वेळचं पत्र सांगलीच्या विश्रामबागेतून आलंय. संसार इंग्लंडमधल्या लेस्टरला, सासर सांगलीत. शाळेच्या सुट्टीत सगळे पाच आठवड्यांसाठी घरी आलेत. मुलगा सतरा वर्षांचा, ए-लेव्हलचं, म्हणजे तिकडच्या अकरावी-बारावीचं, पहिलं वर्ष झालेलं. आई लिहिते:

"ताई, वर्षभर पार्टटाइम कामासाठी अर्ज करतोय, एकाही ठिकाणाहून धड उत्तर नाही. सगळे अर्ज मीच बसून भरले, सीव्हीही मीच केला, सोबत जोडलाय. सासूबाई म्हणतात, 'पोराला ताटं धुवायला कशाला लावतीस?' इथं तो रोज सकाळी दिरांबरोबर मार्केट यार्डात बेदाण्याच्या अडत दुकानात जातो. पण तिकडं त्या अनुभवाला कोण विचारणार? आणि त्याचा अभ्यास, टॅक्स, नॅशनल इन्शुरन्सचा एनआय नंबर, याचं काय?"

प्रश्न बरेच आहेत, पण माझं उत्तर मुख्यतः त्या जोडलेल्या सीव्हीबद्दल आहे, कारण घोडं तिथंच अडलंय.

आधी थोडं बोलून घेते. तुमची तळमळ मला कळते. परक्या गावात 'आमच्या पोराला ठेवून घ्या हो' म्हणावं असा एक दुकानदार ओळखीचा नसतो, मग आईच कंबर कसते. आपण सगळ्याच हे करतो. पण सीव्हीवर ईमेल तुमचा, फोन नंबरही तुमचा, हे बरं केलं नाहीत. शनिवारी सकाळी बस चुकली तर पोरगा स्वतः फोन करून सांगेल का, एवढंच त्या मॅनेजरला जाणून घ्यायचं असतं. त्याने फोन लावला आणि आईने उचलला, तर उत्तर त्याला तिथंच मिळालं. मुलाचा स्वतःचा मेल काढा, नाव-आडनावाचा. शाळेचा मेल वापरू नका, शाळा सुटली की तो बंद होतो.

आता सीव्ही. वर फोटो, खाली जन्मतारीख, वडिलांचं नाव, धर्म, उंचीसुद्धा. हा लग्नाचा बायोडेटा झाला. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यामुळे वय, धर्म, वंश यांवरून कामात भेदभाव करता येत नाही, म्हणून ही माहिती मालकांना समोर नकोच असते. सगळी काढा. नाव, गाव, पोस्टकोडचा पहिला भाग, फोन, मेल, एवढं पुरे. दुकानापासून घर किती लांब, हे पोस्टकोडवरून कळतं आणि तेवढंच त्यांना हवं असतं.

त्याखाली तुम्ही लिहिलंय: हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल, टीम प्लेअर. हीच चार विशेषणं त्या दिवशी आलेल्या प्रत्येक अर्जात असतात. खोडून टाका. त्या जागी एक ओळ हवी, जी तुमच्या दोन पानांत कुठंच नाही: मुलगा कामाला कधी येऊ शकतो. शुक्रवारी साडेचार ते नऊ, शनिवारी दिवसभर, रविवारी अकरा ते पाच, असं वारासकट. शनिवार-रविवारची माणसं भरताना मॅनेजरसमोर रोटा, म्हणजे कोण कधी कामाला याचा तक्ता, उघडा असतो आणि त्यातली रिकामी घरं भरायची असतात. लीड्सला माझा भाऊ रेस्टॉरंट चालवतो, तो सीव्ही असाच वाचतो: आधी वेळ, मग पत्ता, शिक्षण सगळ्यात शेवटी. आमच्या दोन्ही मुलींना पहिलं काम मिळालं तेही ही ओळ वर नेल्यावर. वेळ मात्र खरी लिहा. क्लास, क्रिकेट, गुजराती मित्राच्या बहिणीचं लग्न, सगळं वजा करून.

आणि 'अनुभव' या मथळ्याखाली तुम्ही 'नाही' लिहिलंय! रोज सकाळी मार्केट यार्डात जाणाऱ्या पोराच्या सीव्हीवर 'नाही'? तो तिथं काय काय करतो, ते त्याला विचारा आणि त्यालाच लिहू द्या. १५ किलोच्या पेट्या मोजतो, काट्यावरचं वजन वहीत उतरवतो, सौद्याआधी मालाचे नमुने मांडतो, शेतकऱ्याची हिशेबपट्टी वहीशी ताडून बघतो. हे सगळं दुकानदारीचंच काम आहे. इंग्रजीत त्याच्या ओळी अशा अर्थाच्या व्हाव्यात: 'कौटुंबिक घाऊक व्यवसाय, सांगली, भारत. जुलै-ऑगस्ट, बिनपगारी मदत. रोज अमुक पेट्यांचं वजन नोंदवलं. हिशेबपट्ट्या मूळ नोंदींशी ताडल्या, फरक दिसला तेव्हा दिवाणजींच्या लक्षात आणून दिला.' 'अमुक'च्या जागी त्याने स्वतः मोजलेला आकडा हवा, फुगवलेला नको. मुलाखतीत बोट नेमकं त्याच आकड्यावर ठेवलं जातं: फरक कसा सापडला, मग तू काय केलंस, शेवटी काय झालं? ज्याने पेट्या मोजल्यात तो न अडखळता सांगतो. आईने लिहून दिलेलं पाठ केलेला पोरगा दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो. 'बिनपगारी' आणि 'कौटुंबिक' हे शब्द लपवू नका, त्यात कमीपणा काहीच नाही.

संदर्भासाठी मात्र काकांचं नाव देऊ नका. आडनाव एकच दिसलं की त्या शिफारशीला वजन उरत नाही. शाळेतल्या फॉर्म ट्यूटरचं, म्हणजे वर्गशिक्षकांचं, नाव द्या, आणि आधी त्यांना विचारा. न विचारता दिलेल्या संदर्भाला उत्तर उशिरा येतं, तोवर ती जागा भरलेली असते.

शिक्षणात इंग्रजी आणि गणिताचे जीसीएसई (तिकडची दहावी) ग्रेड नावानिशी, बाकीचे एका ओळीत. भाषांत मराठी-हिंदी ठसठशीत लिहा, लेस्टरच्या औषधदुकानाच्या काउंटरवर हिंदी रोज कामाला येते. हे सगळं एकाच पानावर बसवा. दोन रकाने, चौकटी, चिन्हं असलेलं सुंदर टेम्प्लेट वापरू नका. मोठ्या दुकानांत सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि रकान्यांतला मजकूर एकमेकांत मिसळून टाकतं. पीडीएफ करा, फाइलला त्याचं नाव द्या. तुम्ही पाठवलेल्या फाइलचं नाव 'फायनल टू न्यू' आहे.

अर्ज ऑनलाइन भरताना लांब उत्तरं आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहावीत. साइट मध्येच लॉग-आउट करते आणि तासाभराची मेहनत जाते. जाहिरातही कॉपी करून ठेवावी. मुदत संपली की ती साइटवरून काढतात आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री पोराला आठवत नाही की मागितलं काय होतं.

आणखी एक गोष्ट सांगलीत बसून अर्ज करणाऱ्यांची हटकून चुकते. ब्रिटनचं सिम इथं बऱ्याचदा बंद असतं. दुकानाने फोन केला की तो थेट व्हॉइसमेलवर जातो आणि ते पुढच्या नावाकडे वळतात. म्हणून सीव्ही इथं पक्का करा, पण अर्ज परतायच्या आठवड्यात पाठवा. नाताळची हंगामी भरती सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच सुरू होते, त्यामुळे उशीर होणार नाही. परतल्यावर जवळच्या दुकानांत त्याने छापील सीव्ही घेऊन दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला जावं, जेवणाच्या गर्दीत नको. तुम्ही गाडीत थांबा. दाराशीसुद्धा नको.

सासूबाईंना सांगा, ताटं धुणाऱ्यालाही तिथं किमान वेतनाचा कायदा लागू आहे. आणि पेट्या उचललेल्या चालतात, मग ताटांना का नाही?

अभ्यासाचं म्हणाल तर आठवड्याला आठ-दहा तासांच्या वर करार करू नका. कायद्याने सतराव्या वर्षी दिवसाला आठ आणि आठवड्याला चाळीस तासांची मर्यादा आहे, पण ए-लेव्हलच्या पोराला ती फार सैल पडते.

एनआय नंबरचं पत्र साधारण सोळाव्या वाढदिवसाआधी घरी येतं. सापडत नसेल तर एचएमआरसीच्या, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या, ॲपमध्ये बघा. नंबर हाती नसला तरी काम सुरू करता येतं. पासपोर्ट ब्रिटिश नसेल तर कामाच्या हक्काचा, मालकाला द्यायचा शेअर कोड ऐनवेळी काढा, तो ९० दिवसच चालतो. ट्रेनिंग किंवा तपासणीच्या नावाखाली आधी पैसे मागणारं काम घेऊ नका, आणि मुलाच्या खात्यात दुसऱ्याचे पैसे 'फिरवून' देण्याचं तर मुळीच नाही.

टॅक्सची काळजी सोडा. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत आयकर नाही. पहिल्या दिवशी स्टार्टर चेकलिस्ट नावाचा फॉर्म भरून घेतात. ६ एप्रिलनंतरचं हे पहिलंच काम आणि दुसरं काही उत्पन्न नसेल तर त्यात 'ए' विधानावर खूण करायची. ती राहिली तर चुकीचा टॅक्स कोड लागून पैसे कापले जातात आणि परत मिळायला वेळ लागतो. दर मात्र बघा: एप्रिल २०२६ पासून अठराच्या आतल्यांना तासाला किमान ८ पौंड, १८ ते २० वयाला १०.८५. अठरावा वाढदिवस झाल्यावर जो पगाराचा महिना किंवा आठवडा सुरू होईल, तिथून नवा दर लागतो. त्या वेळची पे-स्लिप त्यालाच तपासू द्या.