काडेपेटीएवढी चित्रे काढण्यात नेमका काय आनंद असतो?

आपल्या प्रश्नाचे मला दोन भाग दिसतात. काडेपेटीच्या किंवा टपाल तिकिटाच्या आकाराची चित्रे काढणाऱ्याला त्यातून काय मिळते, हा पहिला. आणि हे सगळे संयमाचेच काम असेल तर तेवढ्याच श्रमात एखादे घसघशीत मोठे चित्र का काढू नये, हा दुसरा. मी पुण्यात राहते, चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले आहे आणि मोठ्या कॅनव्हासवर कामही केलेले आहे. मात्र गेली अनेक वर्षे माझी बहुतेक चित्रे तळहातावर मावतील एवढीच असतात. दुसऱ्या भागापासून सुरुवात करते, कारण त्यात एक समज गृहीत धरलेला आहे आणि तो दूर केल्याशिवाय पहिल्या भागाचे उत्तर देता येणार नाही. लहान चित्र म्हणजे बारीक काम आणि बारीक काम म्हणजे संयम, असे बहुतेकांना वाटते. प्रदर्शनात माझ्या चित्रांपुढे सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य "केवढा पेशन्स लागत असेल हो!" हेच असते. मी त्यावर हसून मान डोलावते, कारण उभ्या उभ्या खरे सांगायला सवड नसते. खरे असे, की मी मुळात उतावळी आहे आणि मोठ्या चित्राला लागणारा संयम माझ्याजवळ नाही.

तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिणारे कारागीर आपण पाहिले असतील. त्यांचे कसब वादातीत आहे, परंतु तिथला आनंद एवढ्याशा जागेत एवढे सगळे बसवले, या नवलाचा असतो. माझा आनंद जवळजवळ उलट जातीचा आहे. एवढ्याशा जागेत काय काय घ्यायचे नाही, हे ठरवण्याचा. महात्मा फुले मंडईचेच पाहा. मधला उंच मनोरा, त्याच्या भोवती पसरलेली उतरती छपरे, खाली हातगाड्या, टोपल्या, छत्र्या, वर लोंबणाऱ्या वायरी, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी माणसे. अर्ध्या इंपीरियल, म्हणजे साधारण १५ बाय २२ इंचांच्या कागदावर हे चित्र काढायचे तर प्रत्येक हातगाडीला काहीतरी उत्तर द्यावे लागते. ती नुसती डागासारखी सोडली तर अपुरी दिसते आणि पूर्ण केली तर तिच्या शेजारची अपुरी दिसू लागते. पाच सेंटीमीटरच्या चौकोनात हा तगादाच संपतो. मनोऱ्याची एक बाजू उजळ आणि एक काळोखी, छपरांची एक निळसर करडी पट्टी, खालच्या गर्दीसाठी ओल्या रंगात मिसळू दिलेले दोन-तीन तपकिरी रंग, आणि त्यात कुठेतरी एकाच फटक्यात ठेवलेला कुंकवासारखा लाल. तो लाल म्हणजे भाजीवालीचे लुगडे, हे पाहणारा आपले आपण ठरवतो.

अशा चित्रात पुढच्या बाजूचा माणूस जेमतेम चार मिलिमीटर उंच असतो. त्याला मी एक ठिपका आणि एक फटकारा एवढेच देते. ठिपका फटकाऱ्याच्या बरोबर डोक्यावर ठेवला तर माणूस उभा राहतो. केसभर पुढे सरकवला तर तो घाईने चालू लागतो. आणि ठिपका व फटकारा यांच्यात मानेएवढी फट न ठेवता दोन्ही एकमेकांना चिकटवले, तर त्याच्या डोक्यावर ओझे असल्याचा भास होतो. पाय दोन काढले तर बाहुली दिसते, म्हणून एकच काढायचा आणि दुसरा विरू द्यायचा. केसभर जागेने माणसाची चाल बदलते हे पाहण्यात जी मजा आहे, ती मला मोठ्या चित्रातील हातपाय, बोटे, कपड्यांच्या चुण्या रंगवताना कधी आली नाही.

आता थोडा डोळ्याचा हिशेब, कारण माझ्या मते सगळे रहस्य त्यात आहे. निरोगी डोळ्याला ३० सेंटीमीटर अंतरावरून साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. तीन मीटरवरून पाहायचे तर तोच तपशील दहापट, म्हणजे सुमारे एक मिलिमीटरचा असावा लागतो. म्हणजेच हातात धरलेले पाच सेंटीमीटरचे चित्र आणि तीन मीटरवरून पाहिलेले पन्नास सेंटीमीटरचे चित्र आपल्या दृष्टीत सारखीच जागा व्यापतात. पाहणाऱ्याला लहान चित्रात कमी दिसते, असे मुळीच नाही. फरक पडतो तो काढणाऱ्याला. मोठे चित्र हाताच्या अंतरावरून रंगवायचे आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहायचे असते, त्यामुळे चार फटकारे मारायचे, मागे जायचे, डोळे किलकिले करून बघायचे, पुन्हा पुढे यायचे, अशी येरझार अटळ असते, आणि ज्या क्षणी कुंचला कागदाला लागतो नेमक्या त्या क्षणी चित्र पूर्ण दिसत नसते. लहान चित्र जिथून काढायचे तिथूनच पाहायचे असते. एका कोपऱ्यात टेकवलेल्या थेंबाने दुसऱ्या कोपऱ्यातला पिवळा कसा फिका पडला, हे हात उचलण्याआधी कळते. केलेल्या कृतीचा संपूर्ण परिणाम तिथल्या तिथे दिसणे, हे सुख मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळालेले नाही. स्वयंपाकातही नाही, तिथे निदान उकळी येईपर्यंत थांबावे लागते.

याला जोडूनच वेळेची गोष्ट येते. पाच सेंटीमीटरच्या कागदावर आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, एका श्वासात होतो. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये मोठ्या कागदाचे वरचे टोक खालच्या टोकापर्यंत पोहोचेस्तोवर वाळून जाते आणि मध्ये नको ती कड उमटते. लहान कागद सगळाच्या सगळा एकाच वेळी ओला असतो, म्हणून रंग एकमेकांत सोडण्याचे सारे खेळ तिथे उन्हाळ्यातही खेळता येतात. श्रावणात याच्या उलट. हवा इतकी दमट असते की पहिला थर वाळता वाळत नाही, आणि मग एकाऐवजी चार-पाच कागद शेजारी मांडून आळीपाळीने एकेक थर देत बसायचे. लकडी पुलावरून दिसणारी मुठेची फुगलेली, चहाच्या रंगाची पाणपट्टी मी याच पद्धतीने वेगवेगळ्या प्रकाशात काढली आहे. चित्र बिघडले तर तिकिटाएवढा कागद गेला, यापलीकडे नुकसान नाही, आणि त्यामुळे हाताला धीटपणा येतो. मोठ्या, महागड्या कागदापुढे बसले की माझा हात आधीपासूनच सांभाळून चालू लागतो, आणि सांभाळून काढलेले जलरंग ताबडतोब ओळखू येतात.

साधनांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहान चित्राला सर्वांत बारीक ब्रश लागतो ही समजूत चुकीची आहे. तीन शून्यांच्या ब्रशात पाणी इतके थोडे मावते की रंग कागदापर्यंत पोहोचायच्या आतच वाळू लागतो आणि रेघ खरडल्यासारखी उमटते. एक किंवा दोन नंबरचा, भरपूर पोट असलेला आणि टोक नीट जुळणारा गोल ब्रश घ्यावा. बारीक रेघ टोकातून येते आणि तिला लागणारा रंग पोटातून पुरवला जातो. कागद मात्र गुळगुळीत हवा. खरखरीत कागदाचे खळगे मोठ्या चित्रात शोभा देतात, पण लहान चित्रात एकेक खळगा माणसाच्या डोक्याएवढा होऊन बसतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद मला आवडतो, परंतु तिथेही हात फिरवून मऊ पृष्ठभागाचाच निवडावा लागतो. राजस्थानी लघुचित्रकार काम चालू असतानाच चित्र पालथे घालून पाठीमागून अकीकाच्या दगडाने घोटतात, त्याने रंग आणि कागद एकजीव होतात. त्यांच्या परदाजात, म्हणजे सूक्ष्म ठिपक्या-रेषांनी गोलाई आणण्याच्या कामात, संयम खरोखरच लागतो. मी त्या परंपरेतली नाही आणि माझ्या ठिपक्यांना ते नाव देण्याचे धाडसही करणार नाही.

हा नाद जुना आहे आणि त्यात मोठमोठी माणसे सापडतात. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा चित्रकार निकोलस हिलिअर्ड (१५४७–१६१९) तलम चर्मपत्र पत्त्याच्या पानावर चिकटवून त्यावर तळहातात लपतील अशी व्यक्तिचित्रे रंगवत असे, आणि कपड्यांचे तंतू व धूळ चित्रावर पडू नये म्हणून चित्रकाराने रेशीम नेसावे, असा त्याचा सल्ला होता. मला तो सल्ला मुळीच नखरेल वाटत नाही. ओल्या आकाशात पडलेला स्वेटरचा एक तंतू माझ्या चित्रात वडाच्या पारंबीएवढा दिसतो. रेम्ब्रांटने १६३० मध्ये डोळे विस्फारलेला, ओठ किंचित पुढे काढलेला स्वतःचाच चेहरा तांब्याच्या पत्र्यावर कोरला, तो जेमतेम पाच सेंटीमीटर उंच आहे. भिंतीएवढी चित्रे रंगवणाऱ्या माणसाला चेहऱ्यावरचा दचका पकडायला एवढीच जागा पुरेशी वाटली.

आपल्याकडे पाहायचे तर सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आहे. हिलिअर्ड पत्त्याच्या पाठीचा आधार घेत होता, इथे पत्ताच चित्र आहे. दशावतारी गंजिफेच्या संचात दहा अवतारांचे दहा रंग (इस्पिक-बदामसारखे गट) आणि प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात, आणि प्रत्येक पान हातात धरून, पाहून, खाली टाकण्यासाठी रंगवलेले असते. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे अहमदनगरच्या निजामशाहीत सोळाव्या शतकात तयार झालेले सचित्र हस्तलिखित आहे. दख्खनी चित्रशैलीच्या अगदी आरंभीच्या कामांत त्याची गणना होते. हुसेन निजामशहाशेजारी बसलेल्या राणी खुंजा हुमायूनची आकृती त्यातील बहुतेक चित्रांतून पुढे पुसून टाकण्यात आली. त्या चित्रांच्या छापील प्रती पाहतानाही जाणवते, की ही चित्रे एका वेळी एका-दोघांनी, पुस्तकावर वाकून पाहायची होती.

हे एकट्याने पाहणेही माझ्या आनंदाचा मोठा भाग आहे. प्रदर्शनात मोठ्या चित्रापुढे पाच-सहा जण एका वेळी उभे राहतात आणि आपापसांत बोलतात. लहान चित्रापुढे एकच जण मावतो. त्याला पुढे यावे लागते, चाळिशी शोधावी लागते, हातातला मोबाइल खिशात घालावा लागतो, आणि त्याच्या मागचा मुकाट्याने वाट पाहतो. चित्राच्या भोवती मी चित्राच्या तिप्पट कोरा माउंट, म्हणजे फ्रेमच्या आतला पुठ्ठ्याचा काठ, सोडते, तो याचसाठी. फ्रेमवाले दरवेळी जागा वाया गेल्याबद्दल हळहळतात. मोबाइलच्या पडद्यावर मात्र हे सगळे बिनसते. पाच सेंटीमीटरचे चित्र स्कॅन केले की पडद्यावर ते वीतभर होते, ठिपक्यांचे माणूसपण जाऊन ते नुसते ठिपके उरतात, आणि पाहणाऱ्याला ते एखाद्या मोठ्या, घाईत केलेल्या चित्रासारखे वाटते. म्हणून चित्राचे छायाचित्र पाठवायचेच असेल तर मी ते बोटांत धरूनच काढते.

तोटेही आहेतच. मान आखडते, आणि चाळिशी लागल्यावर भिंगाचा दिवा ही चैन न राहता गरज होते. भावाचा प्रश्न तर सुटलेलाच नाही. चित्रांच्या बाजारात चौरस इंचावर दर लावण्याची पद्धत आहे, आणि त्या हिशेबाने माझे चित्र त्याच्या फ्रेमपेक्षा स्वस्त ठरते. लहान म्हणजे मोठ्याची पूर्वतयारी, असे मानणारे जाणकारही भेटतात. "हे मोठं करा ना," असे ते आस्थेने सांगतात. मोठे केलेले ते चित्र वेगळेच होईल, कारण त्यातल्या माणसाला मग दोन्ही पाय काढावे लागतील, हे त्यांना पटवणे मी सोडून दिले आहे.

आपल्याला स्वतः करून पाहायचे असेल तर वेगळी खरेदी करू नका. पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटीमीटरचे असते. तेवढ्या आकाराचा गुळगुळीत, जाडसर कागद घेऊन त्याचे चार भाग करा, पेन्सिलने चौकट आखून घ्या आणि घराच्या खिडकीतून जे दिसते त्यातला फक्त उजेड आणि सावली काढा. तीन रंग पुरे. ब्रश दोन नंबरचा, कृत्रिम केसांचा चालेल. कोणी मुंगसाच्या केसांचा म्हणून जास्त किमतीचा दाखवला तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस संरक्षित आहे, त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे, आणि या कामाला त्याची मुळीच गरज नाही.