उकाड्याची ‘सरासरी’

लातूरला वास्तुकलेचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की घरांतल्या उकाड्याबद्दल रहिवाशांची मते नोंदवून काढलेल्या आकड्याला ‘सरासरी’ म्हणावे, ‘मध्य’ की ‘मध्यक’. बेरजेला संख्येने भागले असेल तर मध्य. मते चढत्या क्रमाने लावून मधले उचलले असेल तर मध्यक. हे शालेय पुस्तकातच आहे. पण तिच्या पत्रातल्या ‘सरासरी रहिवाशांना उकडत नाही’ या वाक्यातली सरासरी यांपैकी कशातच बसत नाही. तेथे ‘बहुतेक’ म्हणायचे आहे, आणि ही चूक हल्ली शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही सर्रास ऐकू येते.

‘सरासरी’ फारसी ‘सरासर’वरून आली. ‘सर’ म्हणजे डोके, टोक. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सबंध. म्हणजे शब्दाच्या पोटात दोन्ही टोके आहेत, आणि मधला बिंदू कोठेच नाही! मराठीत तिला ‘ढोबळ मानाने’ ही जी छटा आहे, ती उर्दूतल्या ‘सरसरी’च्या, म्हणजे उडत्या नजरेच्या, संगतीने गडद झाली असावी असे माझे मत आहे, मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामी अंमल होता आणि कचेऱ्यांत उर्दू चाले, त्यामुळे हे दोन्ही शब्द लोकांच्या कानांवर पडत असणार. ‘फारसी आहे म्हणून सरासरी टाका’ असे सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांशी माझे मुळीच पटत नाही. मध्य आणि मध्यक यांत एका ‘क’चा फरक ठेवून विद्यार्थ्यांचा घोटाळा करायचा, आणि टोकांची आठवण देणारा रुळलेला शब्द मात्र हद्दपार करायचा, ही कसली भाषासेवा?

उकाड्याच्या पाहणीत ती आठवण फार मोलाची आहे. तेथे मत सात पायऱ्यांवर घेतात: उणे ३ म्हणजे थंडी, शून्य म्हणजे ना थंडी ना उकाडा, अधिक ३ म्हणजे उकाडा, आणि मधल्या पायऱ्या त्यांहून सौम्य. समजा, मे महिन्यातल्या दुपारी माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांतल्या १२ जणांनी शून्य सांगितले आणि पत्र्याखालच्या ८ जणांनी अधिक ३. मध्य येतो १.२, जे एकानेही सांगितलेले नाही. मध्यक येतो शून्य, ज्यात पत्र्याखालची माणसे नाहीशीच होतात. शिवाय शून्यापासून १ आणि २ पासून ३ ही अंतरे शरीराला सारखी वाटतात असे गृहीत धरता येत नाही, म्हणून या क्रमवार मतांची बेरीज करणेच अनेक अभ्यासकांना खटकते. डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीत मतांच्या अंदाजित मध्याबरोबर असमाधानी लोकांची टक्केवारीही काढतात, आणि मध्य नेमका शून्य असला तरी ती ५ टक्क्यांखाली जात नाही.

तेव्हा तक्त्यात ‘मध्य’ अवश्य लिहावा, पण त्याच ओळीत माळवद आणि पत्रा यांचे रकाने वेगळे करून प्रत्येक पायरीवर किती जण होते तेही द्यावे, आणि ते वाक्य ‘बहुतेक माळवदकरांना उकडत नाही’ असे दुरुस्त करावे.