लोखंडी दुर्बीण, घरचं वेल्डिंग आणि डोळे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

घरच्या वर्कशॉपात लोखंडी दुर्बीण बनवणाऱ्यांची पत्रं जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून येतात आणि घोटाळे तेच ते असतात. म्हणून निवडक प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. दुर्बीण न्यूटनी पद्धतीची, म्हणजे नळीच्या तळाशी अंतर्गोल आरसा असलेली धरली आहे. आरशाचं माप दिलेलं नसेल तिथे व्यास १५० मिमी आणि नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी समजावं.

बोअरचा सात इंची केसिंग पाइप उरला आहे. त्याचीच नळी केली तर? (रावेर)

नको. साडेचार मिमी जाडीचा तो पाइप मीटरमागे एकोणीस किलो भरतो. शिवाय आरशाच्या कडेला हवा खेळायला जागा उरत नाही. २०० मिमी व्यासाची, १.२ मिमी पत्र्याची सव्वा मीटर नळी सात-साडेसात किलोंत होते, अ‍ॅल्युमिनियमची त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. जळगावात तर पीव्हीसी पाइपाला तोटा नाही. लोखंड स्टँडसाठी राखून ठेवा.

नळीला आतून कोणता रंग द्यावा? (भुसावळ)

काळा, मॅट. चकाकणारा ऑइलपेंट नको.

जुन्या कूलरचा जीआय पत्रा आहे. मिस्त्री म्हणतो, वेल्डिंगनंतर गूळ खाल्ला की धूर बाधत नाही. (साक्री)

गुळाचा आणि धुराचा काही संबंध नाही. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि लोखंड वितळायला पंधराशेच्या घरात तापमान लागतं. म्हणजे जोड बसायच्या कितीतरी आधी जस्ताचा पांढरा धूर तुमच्या नाकात गेलेला असतो. काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, आणि लोक त्याला मलेरिया समजून बसतात. कूलरचा पत्रा वापरायचाच असेल तर रिव्हेट मारा. वेल्डिंग आधीच झालं असेल आणि ताप आला असेल तर डॉक्टरांकडे जा आणि जीआयवर वेल्डिंग केल्याचं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

पत्रा रोल करून उभा जोड मारला, तर नळी लंबगोल झाली. आता आरसा सरळ बसेल का? (पाचोरा)

एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग रॉड ओढलात, म्हणून हे झालं. जोड थंड होताना खेचतो. आधी दर दहा सेंटीमीटरवर टाके मारायचे, मग एक तुकडा इथे, एक तिथे असं आलटून-पालटून भरत जायचं, मध्ये थंड होऊ द्यायचं. २.५ मिमीचा रॉड आणि कमी अँपिअर ठेवा. नळीच्या दोन्ही तोंडांना पट्टीच्या रिंगा घातल्या की गोलाई बरीचशी परत येते.

आरसा मात्र नळीला कधीच थेट बसवू नका. त्याची बैठक वेगळी असते. तीन बोल्ट आणि तीन स्प्रिंगांवर ती मागेपुढे सरकते, त्यामुळे नळीतली थोडी चूक तिथे भरून निघते. कडेच्या पकडी आरशाला दाबत नाहीत ना, ते पाहा. मध्ये जाड कागद सहज सरकला पाहिजे. दाबलेला आरसा तारा तिकोनी दाखवतो. सगळं वेल्डिंग, ग्राइंडिंग संपेपर्यंत आरसा वर्कशॉपात आणू नका, कारण ग्राइंडरची ठिणगी काचेला चिकटून कायमचा खड्डा पाडते. रोलिंग पुन्हा करावं लागेल का, हे नळी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. रोलिंगवाल्याला दाखवा.

स्टेनलेस स्टीलची चकती पॉलिश करून आरसा होईल का? (नंदुरबार)

नाही. न्यूटनने १६६८ मध्ये तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचा आरसा केला, कारण त्याच्याकडे काचेवर चांदी चढवायची सोय नव्हती. तुमच्याकडे काच आहे. ती घासायला हरकत नाही, पण शेवटचा आकार सत्तरेक नॅनोमीटरच्या आत यावा लागतो. तो हाताला कळत नाही, तपासूनच घ्यावा लागतो. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे आधी विचारा; ही संस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते आहे.

ऑनलाइन ७६ मिमीची दुर्बीण '५२५ पट' म्हणून मिळते. मग घरी एवढा खटाटोप कशाला? (धुळे)

त्या आकड्याला फसू नका. नाभीय अंतर ७००, आयपीस (डोळा लावायचं भिंग) ४ मिमीचं, म्हणजे १७५ पट. वर वर्धन तिप्पट करणारं बार्लो भिंग लावलं की ५२५. गणित बरोबर आहे, पण व्यासाच्या मिलिमीटरमागे फार तर दोन पट एवढंच वर्धन उपयोगाचं असतं. ७६ मिमीला दीडशे. त्यापुढे शनी मोठा दिसतो, पण धुक्यातल्यासारखा पुसट. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. विकत घेण्याआधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून एकदा प्रत्यक्ष पाहा.

माझ्याकडे १४ नंबरची वेल्डिंगची काच आहे. मागच्या ग्रहणात आम्ही तिच्यातूनच सूर्य पाहिला, कुणाला काही झालं नाही. आता ती गोल कापून आयपीसवर बसवली तर सूर्यावरचे डाग दिसतील ना? (चोपडा)

बसवू नका. बसवली असेल तर आधी काढा, मग पुढचं वाचा.

ग्रहणात काही झालं नाही, कारण तेव्हा मध्ये दुर्बीण नव्हती. नुसत्या डोळ्यात बाहुलीएवढाच प्रकाश शिरतो आणि भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते. तुमचा आरसा १५० मिलिमीटरचा आहे. बाहुली अडीच मिमी धरली तर आरशाचं क्षेत्रफळ तिच्या ३६०० पट होतं. दुपारच्या उन्हात या आरशावर पंधरा वॉटच्या आसपास ऊर्जा पडते आणि ती सगळी अकरा मिमीच्या सूर्यबिंबात गोळा होते. तुम्ही काच बसवणार त्या बिंबाला लागूनच. वेल्डिंगची काच अशी ऊर्जा सोसायला केलेलीच नसते. ती तापते, तडकते, आणि तडकते तेव्हा तुमचा डोळा तिच्यामागेच असतो. मिटायला वेळ मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक पत्रात लिहितो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. भाजताना काही दुखत नाही, म्हणून माणूस बघत राहतो. काही तासांनी नजरेच्या ऐन मध्यभागी डाग दिसू लागतो. तो अनेकदा कायमचा राहतो आणि मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून काढता येत नाही.

स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यात 'सन' असं लिहिलेली छोटी काळी काच येते. तीही आयपीसलाच फिरवून लावायची असते, आणि धोका तोच. खोक्यावर सूर्याचं चित्र छापता यावं म्हणून ती घातलेली असते. ती घरात ठेवूही नका. फोडून फेकून द्या, कारण तुम्ही नसताना मुलं ती लावतात. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, एकावर एक दोन गॉगल या सगळ्या ऐकीव गोष्टी आहेत. ग्रहणाचे कागदी चष्मेही नुसत्या डोळ्यासाठीच असतात, ते घालून दुर्बिणीला डोळा लावायचा नाही.

सूर्य पाहायचा असेल तर दुर्बिणीसाठीच बनवलेला फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकेल असा बसवायचा. म्हणजे ऊन आत शिरण्याआधीच अडतं. वाऱ्याने उडू नये म्हणून तो स्क्रूने आवळा. दर वेळी दिव्यासमोर धरून सुईएवढं छिद्र पडलेलं नाही ना, ते पाहा. लक्ष्य शोधायच्या छोट्या दुर्बिणीचं तोंडही झाका, ती सगळेच विसरतात. २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण आपल्याकडून दुपारनंतर खंडग्रास दिसणार आहे. पाऊस असेल-नसेल, फिल्टरसाठी धावपळ जुलैअखेर सुरू होईल आणि तेव्हा कुणीही काहीही विकेल. आत्ताच मागवा, आणि पहिल्यांदा सूर्याकडे वळवण्याआधी जाणकार निरीक्षकाला किंवा कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना जोडणी दाखवा.

मुलगा दुर्बिणीचा स्टँड वेल्ड करतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवतो, सकाळी बरं असतं. डॉक्टरकडे जायलाच हवं का? (अमळनेर)

हो, ताई, आजच. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो आणि त्रास काही तासांनी, म्हणजे रात्री जाणवतो. बहुतेक वेळा तो एक-दोन दिवसांत भरून येतो, आणि श्रेय बटाट्याला मिळतं. पण ग्राइंडरचा लोखंडी कण रुतला तरी असंच चुरचुरतं. दोन्हींतला फरक घरी कळत नाही, तो डोळ्यांच्या डॉक्टरांनाच कळतो. कण राहिला तर त्याचा गंज डोळ्यात चढतो. मेडिकलमधून डोळा बधिर करणारे थेंब परस्पर आणू नका, त्याने जखम भरायला उशीर होतो.

'टाकाच मारायचा आहे, डोळे मिटून घेतो' ही सवय मोडा. टाक्यालाही हेल्मेट हवं, १० किंवा ११ नंबरच्या काचेचं. ग्राइंडिंगला वेगळा चष्मा. आणि वेल्डिंग बघत उभी राहणारी गल्लीतली पोरं आधी लांब पाठवा.

स्टँड चांगला जड केला, तरी हात लागला की चंद्र थरथरतो. (शिरपूर)

वजनाने ताठरपणा येत नाही, आकाराने येतो. भिंतीची जाडी तीच ठेवून पाइपाचा व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतं आणि ताठरपणा आठपट. बारीक भरीव सळ्या काढा, मोठे पोकळ पाइप घ्या, पायांना तिरके आधार देऊन त्रिकोण करा. बहुतेकदा दोष पायांत नसून बेअरिंगच्या ढिलाईत असतो. चांगल्या लेथवाल्याकडून ती तपासून घ्या. पहिलीच दुर्बीण असेल तर प्लायवूडची डॉब्सनी पेटी, म्हणजे दुर्बीण वर-खाली आणि गोल फिरवता येणारा साधा लाकडी स्टँड, करा. फॉर्मायकावर टेफ्लॉनचे तुकडे, बस.

इंटरनेटवरच्या आराखड्यात विषुववृत्तीय स्टँडचा अक्ष ५० अंशांवर वेल्ड केलेला आहे. तसाच करू का? (शहादा)

तो आराखडा युरोपातला असणार. हा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो, म्हणून त्याचा कोन म्हणजे आपल्या गावचा अक्षांश. शहाद्याला साडेएकवीस, जळगावला एकवीस, चाळीसगावला साडेवीसच्या जवळ. ध्रुवतारा आपल्याकडे इतका खाली असतो की अक्ष जवळजवळ आडवा पडतो आणि दुर्बिणीचं वजन पुढे लोंबतं. म्हणून पुढचा पाय लांब घ्या. कोन वेल्डिंगने कायमचा बांधू नका, वाकडी खाच आणि बोल्ट ठेवा, चार-पाच अंश इकडेतिकडे करता आले पाहिजेत. वजन पेलण्याचा हिशेब मात्र फॅब्रिकेशनवाल्याला कागदावर दाखवूनच पत्रा कापा.