फॉरवर्ड करण्याआधी

तू गावच्या ग्रुपवर नवीन आहेस म्हणून सांगतो. मेसेजवर दुहेरी बाण दिसला की तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय असं समज. २०२० पासून व्हॉट्सअ‍ॅप असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं, ते उगाच नाही. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध माणसं ठेचून मारली. भिक्षा मागत फिरणारी भटकी माणसं होती ती. तेव्हा 'खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहा' असं लिहून काहीही पुढे ढकलू नकोस. माहीत नाही ना? मग थांब. तारीख नसलेला व्हिडिओ पुष्कळदा जुना, नाहीतर भलत्याच गावचा निघतो.

कुणी चुकीचं टाकलं तर चारचौघांत पाणउतारा नको, त्यातून वयाने मोठ्यांचा तर नकोच. खासगीत लिही, "काका, हे जुनं आहे, काढून टाकता का?" बहुतेक जण काढतात. मात्र सगळ्यांसाठी डिलीट करायला जेमतेम अडीच दिवस मिळतात, म्हणून सांगायचं ते लगेच.

सुप्रभातच्या फुलांवर मात्र वाद घालू नकोस. ती लढाई मी कधीच सोडून दिलीये.