जायकवाडीला शेंडी बदकाचा फोटो घ्यायचाय, पण ते सारखं डुबकी मारतं, काय करावं?
अहो त्याच डुबकीचा फायदा घ्यायचा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ऊन पाठीमागे येईल असं काठावर बसा, ते पाण्याखाली गेलं की दोन पावलं पुढं सरकायचं आन् वर यायच्या आत गप बसायचं, साधारण पंधरा-वीस सेकंद मिळतात. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ तितकं भारी, उभ्यानं काढलेले फोटो मला तरी सपाट वाटतात. शटरचा वेग १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, कारण उडताना ही बदकं पाण्यावर पळत जातात, खरा फोटो तोच. काळा-पांढरा, पिवळ्या डोळ्याचा तो नर, मादी तपकिरी. आणि बिनशेपटीची बुटकी टिबुकली दिसली तर ती बदक नाही बरं का, मीबी आधी फसलो होतो.